समुद्राचं पाणी शिरलेली कॅम्पर व्हॅन दापोलीहून अकोटला आणताना

गाडी डिझेल फोर बाय फोर, मागे प्लायवूडची केबिन, आत १२ व्होल्टची लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि पाण्याची टाकी. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) वर चढून केबिनच्या फरशीला लागलं. एअर फिल्टरचा डबा उघडून कागद हाताने तपासला, तो कोरडा होता. तो ओला असता तर किल्लीला हातही लावायचा नव्हता. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन सुरू होण्यासारखं होतं, तरी गाडी कॅरियरवर चढवूनच आणली. एक तर हबमध्ये आणि डिफरन्शियलमध्ये (एक्सलवरच्या गिअरच्या डब्यात) खारं पाणी असताना सातशेच्या वर किलोमीटर चालवणं म्हणजे बेअरिंग हातानं संपवणं. दुसरं, मोटार विम्याच्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या) स्पष्ट अट असते: अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर वाढलेला भाग मालकाच्या अंगावर. कॅरियरचं भाडं जड वाटतं, पण ही अट वाचल्यावर हलकं होतं. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर किती किलोमीटरपर्यंत ओढतात ते आधी विचारा. बहुतेक वेळा जवळच्या गॅरेजपर्यंतच.

चढवण्याआधीची कामं या क्रमाने करा. आधी सोलर पॅनलची वायर काढा, मग केबिनच्या बॅटरीची. उलट केलं तर चार्ज कंट्रोलर जळू शकतो. इंजिनाच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. लिथियम बॅटरीला खारं पाणी लागलं असेल तर ती पुन्हा चार्ज करायची नाही आणि गाडीत ठेवून प्रवासही करायचा नाही. अशी बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून ती बाहेर काढून मोकळ्या जागेत, इमारतीपासून लांब ठेवा. गॅस सिलिंडर उतरवा, रेग्युलेटर आणि नळी बदला.

पहिली धुलाई दापोलीतच, विहिरीच्या गोड्या पाण्याने झाली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. चॅसीच्या पोकळीत १० लिटर अडकलं तर साडेतीनशे ग्रॅम मीठ गाडीबरोबर प्रवास करतं. पण ही धुलाई वरवरचीच असते. खरी धुलाई गाडी उंच उचलून, चाकं काढून करावी लागते. ती कुठे करायची, याचा विचार विदर्भात येणाऱ्याने आधीच करावा.

जालन्याजवळ समृद्धीवर चढलं की वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला उतरून मेडशी, पातूर, अकोला असा रस्ता आहे. पुढे गांधीग्रामला पूर्णा ओलांडून अकोट. यातला अकोल्याच्या पुढचा भाग म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हाऱ्याकडे शेतात बोअर असते, दाब चांगला असतो, आणि माणूस सवयीने गाडी तिथेच धुतो. समुद्राचं मीठ खारपाण्याने काढणं हा उद्योग फुकट आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचा आकडा याच्या वर गेला तर नवल नाही. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर खिशात ठेवा आणि ५०० च्या खालचंच पाणी वापरा. म्हणजे एक तर पातूरच्या बाजूला, खोऱ्यात उतरण्याआधी धुवा. नाहीतर अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, पोपटखेडकडे, जिथे विहिरींचं पाणी गोडं लागतं. मधल्या गावांत असाल तर धरणावरून येणाऱ्या नळयोजनेचं पाणी ड्रममध्ये भरून घ्या. नळ रोज येतोच असं नाही, तेव्हा ५०० ते ६०० लिटर आधी साठवा.

धुवायला गावात सर्वांत कामाचं यंत्र म्हणजे संत्र्याच्या बागेत वापरतात तो फवारणीचा एचटीपी पंप, २०० लिटरचा ड्रम आणि लांब पाइप. औषधाचा अंश असतो म्हणून ड्रम आणि पाइप तीनदा विसळून घ्या. तणनाशकाला वापरलेला संच गाडीला चालेल, पण केबिनच्या पाण्याच्या टाकीजवळ आणू नका. दाब कमी ठेवा. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोरदार फवारा मीठ काढण्याऐवजी कनेक्टरमध्ये आणि हबच्या सीलमध्ये ढकलतो. चॅसीच्या भोकांतून पाइप आत घाला आणि खालून गळणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजा. आत जाणारं ३०० आणि बाहेर येणारं ३००० असेल तर मीठ अजून आहे. दोन्हींत शंभराचा फरक उरेपर्यंत चालू ठेवा, मग अर्धा तास थांबून पुन्हा मोजा. कोपऱ्यात बसलेलं मीठ थांबल्यावर विरघळतं. धुणं बंद करायची वेळ डोळ्यांनी ठरवता येत नाही.

पाण्यात शिरताना गरम एक्सल एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची नळी) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून (क्लेम करणार असाल तर सर्व्हे झाल्यावरच, ते पुढे विम्यात येतं) दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्स्फर केस (दोन्ही एक्सलकडे ताकद वाटणारा डबा) आणि गिअरबॉक्स यांचे ड्रेन प्लग गाडी रात्रभर स्थिर उभी राहिल्यावर, सकाळी हळूच सैल करा. पाणी तळाला बसतं, आधी तेच येतं. ऑइल दुधाळ असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं स्वस्तातलं ऑइल भरून जॅकवर चाकं फिरवा, काढून टाका, आणि स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. हबचे बेअरिंग रॉकेलने धुऊन परत बसवणारे मिस्त्री भेटतील; समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या बेअरिंगवर तो पैसा वाचवू नका, सीलसकट नवे घाला. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला चारही टोपणांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. ब्रेक ड्रम उघडा. वाळू आणि मीठ तिथेच बसतं आणि हँडब्रेकची केबल आधी अडकते.

वायरिंगमध्ये घाई सर्वांत महागात पडते. तांब्याला लागलेलं खारं पाणी इन्सुलेशनच्या आतून वर चढतं, म्हणून टोक हिरवं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. कनेक्टर गोड्या पाण्याने, मग बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, वाळवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. नुसता गंज सोडवणारा स्प्रे मारून झाकण लावणं म्हणजे आतलं मीठ जपून ठेवणं. स्टार्टर मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंगचे बोल्ट खोला. केबिनची फरशी उचला. प्लायखालचं इन्सुलेशन खारं झालं असेल तर ते सुकवून उपयोग नाही, टाकून द्या.

आता विमा. पुरात, वादळात, पाणी चढून झालेलं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. झीज, घसारा आणि परिणामी नुकसान (एका बिघाडातून पुढे वाढलेलं) येत नाही, आणि इंजिनात पाणी जाऊन झालेला बिघाड बहुधा इंजिन प्रोटेक्ट हे अॅड-ऑन घेतलेलं असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत यातलं काहीच नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी उतरवायला मनाई असते आणि कंपनी हे विचारते. घटना जशी घडली तशीच लिहा. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा विम्याचा माणूस) येण्याआधी धुवायचं की नाही, हा पेच नेहमी येतो. उपाय असा: पाण्याची रेघ, किलोमीटर रीडिंग आणि नंबर प्लेट एका फ्रेममध्ये येईल असे फोटो-व्हिडिओ काढा, क्लेम नोंदवा, आणि ईमेलने कळवा की नुकसान वाढू नये म्हणून गोड्या पाण्याने धूत आहोत, पार्ट खोलत नाही. ऑइल काढाल तेव्हा त्याचे नमुने बाटलीत तारीख लिहून ठेवा. सर्व्हे होईपर्यंत हब, गिअरबॉक्स, वायरिंग काही उघडू नका. नंतर काढलेले जुने पार्टही फेकू नका.

केबिनची नोंद, हा दुसरा अडसर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला मोठा बदल आरसी बुकात नोंदवलेला हवा. अकोल्याच्या एमएच-३० किंवा अमरावतीच्या एमएच-२७ च्या गाडीवर बाहेरून केबिन बसवली आणि आरटीओत नोंद नसेल, तर सर्व्हेअर तिथेच थांबतो. इन्व्हर्टर, फ्रिज, सोलर, लिथियम बॅटरी ही अॅक्सेसरी म्हणून किमतीसह पॉलिसीत लिहून घ्यावी लागते. जास्तीचा प्रीमियम सहसा त्या किमतीच्या ४ टक्के असतो.

झिरो डेप (घसारा न कापणारं अॅड-ऑन) नसेल तर हिशेब आधीच करा. रबर, प्लास्टिक आणि बॅटरीला ५० टक्के घसारा, फायबरला ३०. धातूच्या पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे: तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०. म्हणजे साडेतीन वर्षांच्या गाडीत २०,००० चे धातूचे पार्ट बदलले तर १५,००० धरले जातात आणि त्यातून सक्तीची वजावट जाते. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीला ती २,००० आहे. ऑइल, ग्रीस, कूलंट कन्झ्युमेबल्सच्या अॅड-ऑनशिवाय मिळत नाहीत.

विदर्भातली एक गोष्ट इथे फसवते. मिठाचा थर कोरड्या हवेत जवळजवळ झोपतो, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच ओलावा ओढून पुन्हा काम सुरू करतो. वैशाखात आणलेली गाडी ठणठणीत दिसते. मृग लागला की ब्रेकच्या एबीएसचा दिवा पेटतो, दाराच्या खालच्या कडेला फोड येतात. तोवर क्लेम बंद झालेला असला तर कंपनी त्याला गंज म्हणते. म्हणून पहिल्याच सर्व्हेत न उघडलेल्या भागांची यादी, म्हणजे हब, अल्टरनेटर, वायरिंग लूम, फरशीखालचा पत्रा, ‘तपासणी बाकी’ म्हणून लिहून घ्या आणि सप्लिमेंटरी एस्टिमेटचा (नंतर सापडलेल्या कामाच्या वाढीव अंदाजाचा) रस्ता उघडा ठेवा. क्लेम नाकारला तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करा. विदर्भासाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी लागत नाही, मुदत एक वर्षाची.