ठेवायचा की सोडायचा

पावसाळा लागला की आमच्याकडे फुटबॉल थांबतो आणि हिशेब सुरू होतो. मिरजेतल्या एका क्लबची मी फिजिओ. जूनअखेरच्या मीटिंगमध्ये पुढच्या सिझनला कोण राहणार आणि कुणाला नारळ द्यायचा ते ठरतं. मानधन तुटपुंजं, पण आहे. बूट, किट, बाहेरच्या स्पर्धांचं गाडीभाडं आहे. त्यामुळे यादी वीसच्या वर जात नाही.

यंदा गाडी आमच्या स्टॉपरवर, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूवर अडली. पोरगा बावीस वर्षांचा, हेडरला संघात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. डिसेंबरात बॉल क्लिअर करून वळताना त्याचा उजवा गुडघा फिरला. कुणाचा धक्का नाही, टॅकल नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून स्थिर धरणारा बंध, तुटला. जानेवारीच्या सुरुवातीला मिरजेतच दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तो माझ्याकडे येतोय.

मीटिंगच्या दिवशी सकाळी तो वडिलांना घेऊन आला. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "मॅडम, तेवढं फिट म्हणून लिहून द्या. एकदा यादीतनं नाव गेलं की कोण विचारत नाही बघा." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण फिट लिहिलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी त्याला चिखलातल्या फाइव्ह-अ-साइडला, पाच-पाच जणांच्या सामन्याला, उतरवलं असतं.

मी फरशीवर टेप लावला आणि एका पायावर उडी मारायला सांगितलं. डावा पाय 168 सेंटिमीटर, उजवा 139. म्हणजे 83 टक्के. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मोजली तर उजवा पाय डाव्याच्या 76 टक्के. खेळायला सोडायचं तर उडी आणि ताकद दोन्हींत किमान 90 टक्के तरी लागतात. त्यात ज्या डाव्या पायाशी आपण तुलना करतो, तोही सहा महिने मैदानाबाहेरच आहे. तोही उतरलेला असतो, म्हणून आकडा दिसतो त्याहून दुखरा पाय मागेच असतो.

आकड्यापेक्षा मी त्याचं उतरणं बघत होते. डाव्या पायावर तो मांजरासारखा अलगद उतरायचा. उजव्यावर उतरताना गुडघा आतल्या बाजूला पडत होता, आणि पाय टेकायच्या आधी तो श्वास धरत होता. प्रत्येक उडीला. गुडघ्यावर भरवसा आलेला नाही हे त्याने तोंडाने कबूल केलं नसतं.

"हे सगळं कमिटीला दाखवू का?" मी विचारलं. रिपोर्ट त्याचा, त्यामुळे हो-नाही त्यानेच म्हणायचं. त्याने वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "दावा. पण आक्टोबरचं पण सांगा."

संध्याकाळी क्लबच्या खोलीत सगळे जमले. बाहेर धो धो पाऊस. चहा आला, आधीची नावं पटापट उरकली. त्याच्या नावावर सेक्रेटरी थांबले. "मॅडम, एका शब्दात सांगा. फिट का अनफिट?"

"आज अनफिट. पण आज मॅच कुठंय?"

कमिटीतला एक तरुण रात्र रात्र जागून प्रीमियर लीग बघतो. तो म्हणाला, तिकडे ठेवलेल्या-सोडलेल्यांची यादी जूनमध्येच लागते, तिथं कोण कुणाच्या गुडघ्यासाठी थांबत नाही. मी म्हटलं, तिकडे बहुतेक करार 30 जूनला संपतात आणि लीग ऑगस्टमध्ये सुरू होते. आपलं मैदान दसऱ्याच्या आधी नीट वाळत नाही. आपला सिझन नोव्हेंबर-डिसेंबरात. त्याच्या ऑपरेशनला नऊ महिने ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुरे होतात. नॉर्वेत झालेल्या आणि 2016 साली छापून आलेल्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचा दर 51 टक्क्यांनी कमी दिसला होता. एवढी मोठी सुट्टी युरोपातल्या खेळाडूलाही मिळत नाही. आपल्याला ती पावसाने फुकट दिलीय, तर जूनच्या गुडघ्यावरून डिसेंबरचा निकाल कशाला लावायचा?

खजिनदार शांतपणे म्हणाले, "आणि परत तुटला तर?"

प्रश्न रास्त होता. पंचविशीच्या आतले जे खेळाडू एसीएलनंतर मैदानावर परततात, त्यांच्यातल्या दर चार-पाच जणांत एकाला पुन्हा ही दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या. ते मी तसंच सांगितलं. पोराची बाजू घेऊन आकडा लपवला असता तर पुढच्या खेपेला माझ्या कागदावर कुणी विश्वास ठेवला नसता. आणि ठेवूही नये.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं: नाव यादीत राहील, मानधन निम्मं. ऑक्टोबरात परत टेस्ट, दोन्ही आकडे 90 च्या पुढे गेले तर सराव आणि पूर्ण मानधन. तोवर त्याच्या जागी राखीव खेळाडू खेळेल.

पण विसावी जागा कुठूनतरी यायलाच हवी होती. डाव्या विंगवरच्या पोराला सोडलं. त्याचा घोटा मार्चपासून सुजतोय, तरी तो पट्टी बांधून शेवटच्या सामन्यापर्यंत खेळला. त्याच्याबद्दल मला कुणी विचारलं नाही, कारण तो कधी बाहेर बसलाच नव्हता. यादीवर सह्या व्हायच्या आत मी म्हटलं, सोडा, तो तुमचा अधिकार आहे. पण घोटा तुमच्या जर्सीत दुखावलाय. ज्यांना सोडताय त्यांचे जुने उपचार पुरे होईपर्यंत खर्च क्लबने द्यावा, आणि हे आत्ता वहीत लिहून घ्यावं.

सेक्रेटरींनी खजिनदारांकडे बघितलं. खजिनदार म्हणाले, दिवाळीपर्यंत देऊ. तसं लिहिलं गेलं आणि त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या. विंगरला मी सोमवारी क्लिनिकवर बोलावलंय.