तांदीला टाकी फुल करा: मोठ्या डिझेल गाडीचं मनाली–लेह अ‍ॅव्हरेज

मनालीहून लेहला जाताना वाटेतल्या तांदीला टाकी फुल करा. काटा निम्म्याच्या वर असला, पंपावर पंधरा गाड्यांची रांग असली, बरोबरची माणसं कंटाळली असली, तरी करा. आम्ही केली नाही आणि त्याची किंमत पुढे त्याच रस्त्यावरच्या पांगला मोजली. म्हणून हे लिहितोय.

गाडी सात सीटर, २.८ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, टाकी ८० लिटरची. आत मी, बायको, मेहुणा आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा. मागची सीट पाडून सामान भरलेलं, वर कॅरिअरवर दोन मोठ्या बॅगा. सगळं मिळून वजन अडीच टनांच्या वर.

पुणे ते चंदीगड तीन दिवस लागले. रस्ते चांगले आहेत, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. अ‍ॅव्हरेजचं मात्र सांगतो. ९०च्या आसपास चालवली तेव्हा फुल टू फुल लिटरला १३.४ किलोमीटर मिळालं. एक्सप्रेसवेवर १२० धरून पळवली तेव्हा १०.८. इतकी उंच, चौकोनी गाडी वाऱ्याला अंगावर घेत चालते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२०ला तो ९०च्या जवळजवळ पावणेदोन पट होतो. ज्यांना घाई नाही त्यांनी ९०–९५वर राहावं. दिवसभरात तासाभराचा फरक पडतो, पण टाकीमागे दोनशे किलोमीटर जास्त मिळतात.

झिरकपूरला टाकी फुल केली आणि मीटर शून्य केलं. कीरतपूर ते नेरचौक नव्या बोगद्यांच्या रस्त्यानं मजेत गेलो, मनालीत दोन दिवस राहिलो, अटल टनेलमधून (९.०२ किलोमीटर, २०२० पासून सुरू) लाहौलमध्ये उतरलो. तांदीला पोहोचलो तेव्हा मीटरवर ३९५ किलोमीटर, डिस्प्लेवर अ‍ॅव्हरेज ११.८ आणि रेंज, म्हणजे उरलेल्या डिझेलात जाईल तेवढं अंतर, ५००.

तांदीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. या पाटीसमोर सगळे फोटो काढतात. आम्हीही काढला. मेहुणा म्हणाला, "दाजी, पाचशे दाखवतंय की. कशाला तासभर रांगेत थांबायचं? जिस्पाला जाऊन पडू." ३६५ला ५०० पुरतात, हा हिशेब मलाही पटला. निघालो.

चूक कुठे झाली ते नीट सांगतो, कारण ही चूक कुणाच्याही हातून होईल. डिस्प्लेवरची रेंज म्हणजे टाकीतलं डिझेल गुणिले मागच्या काही अंतराचं अ‍ॅव्हरेज. गाडीला पुढचा रस्ता माहीत नसतो. मागे चौपदरी हायवे होता, त्याच्या हिशेबानं तिनं ५०० सांगितले. आणि मुळात ते अ‍ॅव्हरेजही फुगवलेलं होतं. नंतर पंपाच्या पावत्यांवरून अंदाज काढला, तर झिरकपूर ते तांदी खरं अ‍ॅव्हरेज साडेदहाच्या आसपास होतं. म्हणजे डिस्प्ले दहा-बारा टक्के जास्त सांगत होता. तुमच्या गाडीचा डिस्प्ले किती चढवून सांगतो हे घरीच दोन-तीन टाक्यांवर तपासून घ्या. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, वरून आणखी ओतायचं नाही, पुढच्या वेळीही तसंच. किलोमीटर भागिले लिटर. यापेक्षा खरा आकडा दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी जिस्पाहून सकाळी साडेसातला निघालो. हे फार उशिरा झालं. पहाटे पाचला निघा. झिंगझिंगबारच्या पुढे बारालाचा खिंडीकडे चढताना वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावर येतं, आणि ऊन चढेल तसं ते वाढतं. सकाळी सातला पावलं भिजवणारा नाला अकराला बंपरपर्यंत येतो. आम्ही अकराला तिथे. एक ट्रक नाल्यात अडकलेला, दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा. अडीच तास जागेवर. बाहेर बोचरा वारा, पोराला उलट्या होत होत्या, म्हणून हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं. एवढं मोठं डिझेल इंजिन उभ्या उभ्या तासाला सुमारे एक लिटर पितं. अडीच लिटर तिथेच गेले.

मग सरकत सरकत फर्स्ट-सेकंडला चढ. तांदी २६०० मीटरच्या आसपास, बारालाचा ४८९०. अडीच टन वजन इतकं वर न्यायला लागणारी ऊर्जा काढली आणि इंजिन डिझेलातल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश कामी आणतं असं धरलं, तर साडेचार लिटर नुसतं वजन उचलण्यात जातात. रस्त्याचे खड्डे, चाकाखालचे दगड, सगळं त्याच्यावर. शिवाय ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. टर्बो बरंच सांभाळून घेतो, पण वळणातून उठताना गाडी जड वाटते, नकळत पाय जास्त दाबला जातो आणि गिअरबॉक्स खालच्या गिअरमध्ये अडकून राहतो. ऑटोमॅटिक असेल तर चढाला मॅन्युअल मोडमध्ये टाकून गिअर स्वतः ठरवा.

बारालाचा उतरून सरचूपर्यंत रेंज थोडी वाढली आणि आम्हाला धीर आला. तो धीर खोटा होता. पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, नकीला खिंड, व्हिस्की नाला, लाचुंगला खिंड. लाचुंगलाहून पांगपर्यंतचा तुकडा आम्ही गेलो तेव्हा इतका वाईट होता, की तासाला पंधरा किलोमीटर जमत नव्हते. धूळ, मोठे दगड, खोल चाकोऱ्या. हा रस्ता कमी लेखू नका. सबंध दिवसातलं माझं सगळं त्राण त्या शेवटच्या पट्ट्यानं काढून घेतलं.

पांगला पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. रिझर्व्हचा दिवा लागलेला, रेंज ९०, आणि पहिला पंप कारूला, म्हणजे सुमारे १४० किलोमीटरवर. मध्ये ५३०० मीटरच्या वरची तंगलंगला खिंड. डोकं ठणकत होतं.

तिथे कॅनमधलं डिझेल मिळतं. एकानं वीस लिटरचा कॅन म्हणून ३२०० रुपये सांगितले. घासाघीस केली तर म्हणाला, "लेना है तो लो, नहीं तो कारू तक धक्का मारो." घेतला. कापलेल्या बाटलीचं नरसाळं करून ओतला. रिकामा कॅन बाजूला ठेवताना बायकोनं त्यावरचं छापील लेबल वाचलं: खाद्यतेल, १५ किलो. पंधरा किलो तेलाच्या डब्यात काठोकाठ साडेसोळा लिटर मावतं, वीस नाही. म्हणजे लिटरला १९४ रुपये पडले, पंपाच्या भावाच्या दुपटीहून जास्त. विकणारा तोवर निघून गेला होता. मला अजून राग आहे. त्या उंचीवर कुणी डिझेल आणून देत असेल तर त्यानं जास्त पैसे घ्यावेत, वाहतुकीला खर्च येतो, ते मान्य. माप मात्र खरं पाहिजे. आधी कॅनवरचा आकडा वाचा, मग भाव ठरवा. आणि ओतताना सुती कापड लावून गाळा. आम्ही गाळलं तेव्हा कापडावर गंज आणि माती राहिली. ती इंजेक्टरपर्यंत गेली असती तर पुढचं बिल लाखात गेलं असतं.

रात्र पांगला काढली. तुम्ही काढू नका, ४६०० मीटरवर आमच्यापैकी कुणालाच झोप लागली नाही. सकाळी मोरे प्लेन्सचा सपाट, सरळ रस्ता, मग तंगलंगलाचा चढ, आणि तिथून रुमत्से–उपशीपर्यंत लांबच लांब उतार. या दिवसाचं अ‍ॅव्हरेज चांगलं पडलं, साडेनऊच्या आसपास.

कारूला नोझल कट झालं तेव्हा पंपावर ६३.६ लिटर. त्यात कॅनचे साडेसोळा मिळवले तर ८०.१. मीटरवर ७२५ किलोमीटर. भागाकार ९.०५. डिस्प्ले त्याच टाकीसाठी १०.३ दाखवत होता. कॅन घेतला नसता तर कारूच्या अलीकडेच गाडी बंद पडली असती. पंपावरच्या मुलाला मी चहा पाजला, इतकं हायसं वाटलं.

तांदी ते पांग या तुकड्याचं आमचं अ‍ॅव्हरेज ७ होतं. या वजनाच्या गाडीला हाच आकडा धरून चाला, कंपनीचा किंवा मित्राचा नको. तांदीला फुल टाकी असेल तर ७च्या हिशेबानंही ५६० किलोमीटर मिळतात आणि कॅनची गरजच पडत नाही. कॅरिअर लागणार नसेल तर घरी काढून ठेवा. परतताना बॅगा आत घेतल्या आणि तेवढ्यानं सपाटीला लिटरमागे किलोमीटरभराचा फरक पडला. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका. आम्ही फक्त दोन नाल्यांत लावली.

लेहहून पँगाँगला जाताना कारूलाच फुल करा. नुब्रासाठी लेहला भरून निघा, दिस्कितला पंप आहे. आम्ही श्रीनगरमार्गे परतलो. त्या बाजूला कारगिलसारखी मोठी गावं लागतात, पंप मिळतात, झोजीला खिंड सोडली तर त्रास नाही. त्या टाकीचं अ‍ॅव्हरेज १२.१.