कर्ज की अनुदान?

गरीब वस्त्यांना पैसा द्यायचा म्हटलं की आपल्याला आधी दानच आठवतं, पण अमेरिकेत सीडीएफआय (म्हणजे गरीब, दुर्लक्षित वस्त्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था) नावाचा जो प्रकार आहे तो वाचायला लागले आणि माझं डोकंच फिरलं. 1930 च्या दशकात तिथे सरकारी नकाशांवर काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं, आणि मग बँका वर्षानुवर्षं तिकडे फिरकल्याच नाहीत. 1977 ला कायदा आला की बाबांनो, जिथून ठेवी घेता तिथल्या गरीब भागातही कर्ज द्या. 1994 ला सरकारने या सीडीएफआय संस्थांसाठी वेगळा फंडच काढला.

यातल्या बऱ्याच संस्था ना-नफा. फाउंडेशन, बँका, सरकार यांच्याकडून स्वस्तात पैसा उचलायचा आणि पाळणाघर, दवाखाना, परवडणारी घरं यांना कर्जाऊ द्यायचा. अनुदान कुठे येतं, तर जमीन बघणं, आराखडे, असल्या सुरुवातीच्या खर्चाला, कारण प्रोजेक्ट होणार की नाही हेच माहीत नसताना कर्ज कोण घेणार? (मी तरी नाही घेणार!)

सगळंच गोड नाहीये हां, शिकागोची शोअरबँक, 1973 पासून हेच काम करणारी, मंदीनंतर 2010 मध्ये बुडाली.