गाडीच्या एसीच्या फ्लॅपचा दांडा तुटला तर

डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते आणि एकाच बाजूने गरम हवा येते? लगेच गॅस भरायला धावू नका. बहुतेकदा फ्लॅपच्या, म्हणजे गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेच्या, मोटरमधल्या गिअरचे दात गेलेले असतात, नाहीतर फ्लॅपचा दांडाच तुटलेला असतो. गिअर चिकटवण्यात अर्थ नाही, मोटरच बदला. दांडा मात्र वाचवता येतो. भागावर ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकचा एक प्रकार) छापलेलं असेल तर फेव्हिक्विक विसरा, त्या प्लास्टिकला ते धरतच नाही, एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकवर चालतं. पीपीची चीर सोल्डरिंग आयर्नने व्ही आकारात उघडा, पीपीचीच पट्टी वितळवून भरा आणि १ मिमी स्टीलची तार तापवून आडवी आत दाबा. धुरात तोंड घालू नका. गार झाल्यावर कानशीने घासा. दांडा जाड राहिला तर फ्लॅप अडकतो आणि नव्या मोटरचेही दात जातात.