आमची वाटचाल : इकडचं मॉडेल तिकडे नेताना

आम्ही कन्व्हर्टर बनवतो, म्हणजे एखादा भाग लोडखाली किती वाकेल, स्ट्रेस किती येईल हे कॉम्प्युटरवर काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फाइली एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारी टूल्स. नॅस्ट्रानचं मॉडेल अबॅकसमध्ये न्यायचं (दोन्ही तसलीच सॉफ्टवेअर), युनिव्हर्सल फाइल वाचायची, रिझल्ट व्हीटीकेत, म्हणजे चित्र काढून बघायच्या फॉरमॅटमध्ये, काढून द्यायचे, असली कामं. सुरुवात मी आणि माझ्या पार्टनरनेच केली. तो एडिटर उघडून कॉलम मोजत बसायचा, कारण बल्क डेटा, म्हणजे नॅस्ट्रानची मॉडेलची फाइल, हा पंच कार्डच्या जमान्यातला फॉरमॅट, ८० कॉलम, आठ-आठ अक्षरांचे खण, त्यात स्टीलची डेन्सिटी ७.८५-९ अशी लिहिलेली, म्हणजे ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात, पण घाताचा ई मधे नाहीच, नवख्याने लिहिलेला रीडर तिथेच मान टाकतो. त्याचा पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा कोड, आजही चालतोय, कोणाला हात लावू देत नाही.

मधली वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही.

मग एक मोठी कंपनी आली फुकट कन्व्हर्टर घेऊन, नाव घेत नाही, म्हणे सगळे फॉरमॅट एका क्लिकमध्ये. आमची गिऱ्हाइकं एकेक करून गळायला लागली, रिन्यूअल बंद, पगाराचे वांधे, पार्टनरनेही नोकरी धरली, त्याला काय बोलणार.

राग कशाचा येतो सांगू? २० नोडचा ब्रिक घ्या, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांचं (एलिमेंटचं) बनतं त्यातला विटेसारखा तुकडा, ८ नोड म्हणजे बिंदू कोपऱ्यांवर आणि १२ कडांच्या मध्यावर, ते मिडसाइड. नॅस्ट्रानमध्ये मिडसाइड नोड आधी खालच्या कडांचे, मग उभ्या, मग वरच्या. अबॅकसमध्ये खालच्या, वरच्या, मग उभ्या. शेवटच्या दोन चौकड्या अदलाबदल केल्या नाहीत तर एलिमेंट पिळवटतो आणि सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्रॅम, निगेटिव्ह जेकोबियन (एलिमेंटचा आकार उलटा झालाय) म्हणून बोंब मारतो. त्या मोठ्या कंपनीने काय केलं, मिडसाइड नोड सरळ गाळले आणि ८ नोडचा ब्रिक लिहिला, साधी वॉर्निंग नाही! रन होतंय, रंगीत चित्र येतंय, सगळे खूश.

पकडलं ते आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने, स्ट्रेस बघणाऱ्या एक मॅडम आहेत. नवं टूल आलं की त्या आधी साधा कॅंटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेली तुळई, चालवतात आणि टोकाचं डिफ्लेक्शन (ते किती खाली वाकलं) हाताने काढलेल्या आकड्याशी ताडतात. जाडीत एकच एलिमेंट, टोक पाहिजे तेवढं खाली येईचना, कारण फुल इंटिग्रेशनचा (आतल्या सगळ्या बिंदूंवर हिशेब करणारा) ८ नोडवाला ब्रिक वाकताना भलताच ताठ वागतो. मॅडमनी रिन्यूअल तर केलंच, वर पुढच्या वर्षाचे पैसेही आगाऊ दिले, ऑफिस टिकलं ते त्यावर.

आणि हो, नव्या मुलांनी विचारलं नसलं तरी सांगतो, कन्व्हर्ट झाल्यावर चित्र बघत बसू नका, नोडची संख्या, एकूण मास, आधारांवरच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज दोन्हीकडे जुळते का बघा. युनिट कॉमेंटमध्ये का होईना पण लिहा, सॉल्व्हरला नुसते आकडे कळतात. एसटीएल, म्हणजे नुसत्या पृष्ठभागाची फाइल, पाठवून "ह्यावरच अ‍ॅनालिसिस करा" म्हणणाऱ्यांना तर माझा लांबूनच नमस्कार, त्यात त्रिकोणांपलीकडे असतं काय?

त्या कंपनीला टेस्ट फाइल मॅडमनीच पाठवली होती. पुढच्या व्हर्जनच्या नोट्समध्ये एकच ओळ आली, 'ब्रिक एलिमेंट सपोर्ट सुधारला'. आमचे गेलेले काही परत आले, त्यातल्या दोघांनी वर डिस्काउंट मागितला. दिला नाही.