भरलेला ऑइल कप

शनिवार, रात्र

दोनदा साबण लावला तरी हाताला रॉकेलचा वास येतोच आहे. झोप नाही.

दुपारी लेथ बंद करताना सवयीने हेडस्टॉकवर, म्हणजे फिरता दांडा असतो त्या पेटीवर, तळवा टेकवला आणि चटका बसला. जॉब धरणाऱ्या चकाकडची बाजू. जेमतेम चाळीस मिनिटं चालवला होता, तोही मधल्या पुलीवर. ऑइल कप पाहिला तर काठोकाठ भरलेला. तेल आहे, मग तापला कसा?

काठोकाठ होता, तीच तर गोष्ट. दिवाळीपासून आजवर त्यात मी किती वेळा तेल घातलं? दोनदा. आणि धाकट्याला फोनवर अभिमानाने सांगितलं होतं, मशीन अजिबात तेल खात नाही म्हणून.

अण्णा रोज सकाळी तेल घालायचे. आधी तेल, मग चक हाताने चार फेरे, मग पट्टा. मशीन उभं असताना स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, बुशावर, त्याच्या बेअरिंगवर, टेकलेला असतो. फिरायला लागला की स्वतःच तेल आत ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर उचलला जातो. ते तेल परत कपात येत नाही, बुशाच्या कडेने गळून ट्रेमध्ये जातं. म्हणजे कप रिकामा होणं हेच त्याचं काम. हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

कपातलं तेल ओढून नळीवाटे बुशात सोडते ती लोकरीची वात बाहेर काढली. सुतळीसारखी कडक, काळी, डिंक लावल्यासारखी. मधे स्पिंडलचं पातळ ३२ नंबर तेल संपलं होतं तेव्हा लेथच्या बेडसाठी आणलेलं ६८ नंबर ओतलं होतं, तेही आठवलं. जाड, चिकट तेल. वात ते किती ओढणार?

संध्याकाळी अण्णा वाती नळीतून उचलून ठेवायचे. नाहीतर मशीन बंद असलं तरी रात्रभर तेल उतरत राहतं. मी ते त्यांचं सोवळं समजायचो. शेवटच्या वर्षी तर... जाऊ दे.

लोकर आणायला पंचवटीत घरी गेलो. धरणातून पाणी सोडलंय. पुलावर माणसं थांबून गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघत होती. मीही थांबलो. चढलेलं पाणी सगळ्यांना दिसतं. भरलेला कप बघून कोण घाबरणार? मी तर रोज बघत होतो.

आईने विचारलं, लोकर कशाला? सांगितलं. काही न बोलता तिने करड्या लोकरीचा गुंडा दिला. तो कुठल्या स्वेटरचा, ते मीही विचारलं नाही.

परत सातपूरला. कप, नळ्या रॉकेलने धुतल्या, सुकू दिल्या. चकात लाकडी दांडा धरून वर उचलला, बुशातली फट मोजायला डायल लावला. काटा तीन घरं सरकला. अण्णांच्या वहीत पेन्सिलीने लिहिलंय : पुढचा बुश, दोन घरं. म्हणजे एक घर माझं. ०.०१ मिलिमीटर. बराच वेळ स्टुलावर नुसता बसून होतो. त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं आणि माझ्या हातून दहा महिन्यांत हे.

मग दांडा पुन्हा उचलून पाहिला. तीनच. चार नाही. बुश दोन फाकांचा आहे, मधली पत्री सोलून फट कमी करता येते, पण तेलाला जागा लागतेच आणि तीन घरांवर हे मशीन छान चालतं. आज पत्रीला हात लावायचा नाही. वहीत खाली आजची तारीख घालून लिहिलं : तीन घरं. माझं अक्षर त्यांच्या अक्षराखाली.

चार पदरी वात वळली. सुताची केली असती तर भिजून दबली असती, लोकर फुगीर राहते. तासभर ३२ नंबरमध्ये बुडवून ठेवली, मग नळीत सोडली. थेंब भराभर पडायला लागले, तेव्हा एक पदर कमी केला. अर्धा तास चालवला. दर पाच मिनिटांनी तळवा. कोमट, बस्स.

निघताना वाती उचलून कपाच्या कडेला ठेवल्या. आधी पुढची, मग मागची. तेल काठापासून बोटभर खाली गेलं होतं.