शिवीचा रेट

काल रात्री अंधारात टेबलाच्या पायाला करंगळी आपटली आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक नाही, सलग चार. मग पाय धरून बसल्या बसल्या उगाच हिशोब केला, की हेच इंग्लंडमध्ये १७४६ साली केलं असतं तर किती पडले असते?

कारण तिथे चक्क रेट ठरलेला होता. मजूर, साधा शिपाई किंवा खलाशी असेल तर एका शिवीला १ शिलिंग, त्याच्या वरचा पण जंटलमन नसलेला असेल तर २, आणि जंटलमन किंवा त्याहून बडी असामी असेल तर ५. शिवी तीच, भाव माणूस बघून! मी मधल्या रेटमधला, म्हणजे ८ शिलिंग. अर्थात तेव्हा खरा राग होता देवाचं नाव घेऊन दिलेल्या शिव्यांवर, आणि माझ्या चारही शिव्यांत देव कुठेच नव्हता, तेव्हा कदाचित सुटलोही असतो. हा कायदा वर्षातून चारदा चर्चमध्ये वाचून दाखवायचे, आणि तो रद्द कधी झाला तर थेट १९६७ ला.

त्याच्याही आधी, १६९१ पासून, लंडनमध्ये लोकांचं वागणं सुधारायला सोसायट्या निघाल्या होत्या. यांचे खबरे फिरायचे, वॉरंटचे छापील फॉर्म तयार असायचे, फक्त नाव-गाव भरायचं. म्हणजे बाजारात कोणीतरी तोंड सोडलंय आणि शेजारी एक सज्जन शांतपणे बोटांवर मोजतोय, हे चित्र काही डोळ्यासमोरून जात नाही. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणाऱ्या डॅनियल डेफोने १६९८ मध्येच सुनावलं होतं, की हे कायदे म्हणजे कोळ्याचं जाळं, बारक्या माश्या अडकतात आणि मोठ्या फाडून निघून जातात.

लोकही काही कमी नव्हते म्हणा. ‘गॉड्स वून्ड्स’ (देवाच्या जखमा) या शिवीची काटछाट करून ‘झाउंड्स’ कधीच करून ठेवलेलं, आपल्या ‘च्यायला’सारखंच, आई अर्धी गिळून टाकायची की झालं सभ्य.

१९९८ मध्ये अमेरिकेत मिशिगनला एकाची होडी खडकावर आपटली, तो नदीत पडला आणि त्याने मनसोक्त तोंड सोडलं. जवळ बायका-मुलं होती आणि त्यांच्यासमोर शिव्या द्यायला बंदी घालणारा १८९७ चा कायदा अजून जिवंत होता. पठ्ठ्याला कोर्टाने दोषी ठरवलं, मग २००२ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायदाच उडवला. या माणसाबद्दल मला आज जरा जास्तच आपुलकी वाटतेय, करंगळी अजून सुजलेली आहे.